वाढ नाही

नाव लिहायचं ते प्लेटच्या बुडावर, झाकणावर कधीच नाही. झाकणं एकमेकांची बदलतात आणि कोणाचा जंतू कोणाच्या नावावर गेला याचा मग पत्ता लागत नाही. प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ताई हा नियम पहिल्या दिवशी समजावून सांगत, दुसऱ्या दिवशी आठवण करून देत आणि तिसऱ्या दिवशी ओरडत. चौथ्या दिवसाची वेळ सहसा येत नसे.

दुसरा नियमही त्या सगळ्यांना सांगत, पण स्वतः पाळत नसत. जंतू फ्रीझरमधल्या कुपीतून काढायचा, आठवडाभर वापरायचा आणि मारून टाकायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा कुपीतून नवा. एकाच जंतूला रोज प्लेटवरून प्लेटवर वाढवत नेलं तर तो बदलत जातो, इथल्या जगण्याला सरावतो. तरीही इन्क्युबेटरच्या सगळ्यात खालच्या फळीवर एक जंतू असा होता, जो अकरा वर्षं रोज जुन्या प्लेटवरून नव्या प्लेटवर येत होता. ताईंच्या आईचा जीव त्यानंच घेतला होता. आईच्या पायाला लागल्याचं निमित्त झालं, औषधामागून औषध हरलं आणि नवव्या दिवशी ती गेली. तिच्या रक्तातून वाढवलेला जंतू ताईंनी इस्पितळातून रीतसर मागून घेतला. त्याला फ्रीझरमध्ये सुखानं झोपू द्यायची त्यांची तयारी नव्हती. तो रोज डोळ्यांसमोर हवा होता आणि रोज त्याची एक तरी प्लेट स्वतःच्या हातानं मारायची होती. त्या त्याला मेल्या म्हणत. "काय मेल्या, उठलास का?" ही त्यांची सकाळची पहिली हाक असे. एका विद्यार्थिनीनं तर ते शास्त्रीय नाव समजून अहवालातसुद्धा टाकलं होतं.

खोली लांबट होती. एका बाजूला कधीच न उघडणाऱ्या खिडक्या, दुसऱ्या बाजूला माणसाच्या अंगाइतकी ऊब सांभाळणारा इन्क्युबेटर, कोपऱ्यात प्रेशर कुकरचा थोरला भाऊ म्हणावा असा ऑटोक्लेव्ह. त्या ऑटोक्लेव्हवर आणि एकूणच खोलीवर मामांचं राज्य होतं. मामा म्हणजे इथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. तीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला दोन बाकी, मिशा पांढऱ्या आणि जीभ तिखट. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांनी हात न धुता पाचही बोटं एकेका प्लेटवर टेकवायची, अशी ताईंनी पाडलेली रीत होती. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बोटाच्या ठशाखाली जंतूंचे ठिपके उगवत आणि नव्या पोरांची तोंडं बघण्यासारखी होत. मामांच्या प्लेटवर नेहमी सगळ्यात दाट पीक येई. "जमीन कसदार आहे आमची," असं म्हणून ते ती प्लेट सगळ्यांना फिरवून दाखवत.

एक्केचाळीस नंबरचं औषध ताईंच्या त्या हाडवैरातून जन्माला आलं होतं. त्याआधीची चाळीस वाया गेली होती. जुनी औषधं जंतूच्या पोटात शिरून तिथला एखादा कारखाना बंद पाडतात. जंतू शहाणा झाला की कुलूप बदलतो आणि औषध दारातच ताटकळत राहतं. एक्केचाळीस नंबर आत शिरायच्या भानगडीतच पडत नसे. जंतूभोवती जो तेलकट पापुद्रा असतो त्यालाच ते चिकटायचं आणि भोकं पाडायचं. पाण्यानं भरलेला फुगा फुटावा तसा जंतू जागच्या जागी ओघळून जायचा. "कुलूप बदलशील रे," ताई मेल्याला ऐकवत, "पण भिंत कुठून बदलशील?" निरोगी माणसांवरची पहिली चाचणी त्या औषधानं पार केली होती. आजारी माणसाला मात्र ते अजून कोणी दिलं नव्हतं.

पहिला आजारी माणूस आपला धाकटा भाऊ असेल, असं ताईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

धाकटा मुलांना पोहायला शिकवायचा. गुडघ्याची साधी शस्त्रक्रिया झाली, टाके कोरडे पडले आणि मग नडगी लाल झाली. लाली रोज बोटभर वर चढत होती. चार औषधं हरली तेव्हा शस्त्रवैद्यांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली: पाय मांडीपासून काढायचा. जंतूंच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई मात्र अजून हटल्या नव्हत्या.

"समितीशी बोलले मी," त्या मंगळवारी सकाळी फोनवर म्हणाल्या. "शेवटचा उपाय म्हणून तुमचं औषध देता येईल. पण त्याच्या पायातल्या जंतूवर ते चालतं हे लागोपाठ तीन दिवस दिसलं पाहिजे. कंट्रोल स्वच्छ हवा. एक दिवस जरी बिघडला तरी पुन्हा पहिल्यापासून."

"दिसेल," ताई म्हणाल्या.

धाकट्याच्या पायातला जंतू तासाभरात आला. इस्पितळानं तो वाढवूनच पाठवला होता. ताईंनी झाकण उचललं आणि त्यांचा हात हवेतच थांबला. फिकट पिवळे ठिपके, आणि प्रत्येकाची एक कड चिमटीनं तोडल्यासारखी. अकरा वर्षांत तशी कड त्यांनी दुसऱ्या कुठल्याच जंतूची पाहिली नव्हती. खालच्या फळीवरची प्लेट काढून त्यांनी शेजारी ठेवली. सख्खी भावंडं शोभली असती.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी त्या इथूनच थेट इस्पितळात गेल्या होत्या. "ताई, जरा पाय चेप ना," धाकटा लहानपणापासून म्हणायचा तसंच म्हणाला होता, आणि त्यांनी चेपले होते. हात धुतले होते, दोनदा धुतले होते. पण धुतले होते हे स्वतःला इतक्या वेळा सांगावं लागतंय याचीच त्यांना भीती वाटली. याला मीच तिथवर नेलं का, हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही.

"बरं मेल्या," त्या प्लेटला म्हणाल्या. "एक नेलीस. दुसरा मिळायचा नाही."

प्रयोग सोपा होता. प्लेटभर जंतूंचा पातळ थर पसरायचा. त्यावर एका जागी औषधाचा थेंब टाकायचा, दुसऱ्या जागी नुसत्या पाण्याचा. रात्रभर उबेत ठेवलं की दुधावर साय धरावी तसा जंतूंचा दाट थर धरतो. औषधाच्या थेंबाखाली ते मरतात म्हणून तिथे काचेसारखं स्वच्छ वर्तुळ राहतं. पाण्याखाली मात्र वाढ यायलाच हवी. तोच कंट्रोल. पाण्याखालीही वर्तुळ आलं तर औषधानं काय केलं हे सांगता येत नाही आणि अख्खी प्लेट फुकट जाते.

बुधवारी सकाळी प्लेटवर दोन वर्तुळं होती.

मामांनी ती उजेडाकडे धरली. "रागावू नका ताई, पण पाणी नक्की पाणीच होतं ना?"

"तीस वर्षांत मी तुम्हाला कधी असं विचारलंय?"

"विचारलंय. दोनदा."

ताईंना हसू आलं नाही. त्यांनी नवं पाणी उकळलं, नवं पिपेट घेतलं, हातमोजे बदलले, टेबल स्पिरिटनं दोनदा पुसलं. नवी प्लेट पसरली, दोन्ही थेंब टाकले. गुरुवारी पुन्हा दोन वर्तुळं आली. सारख्या मापाची, सारखी स्वच्छ. जणू पाणी पिऊनही जंतू मेले होते.

गुरुवारी आणखी एक घोटाळा झाला. ताईंनी थेंबांच्या जागा म्हणून नव्या पसरलेल्या प्लेटच्या बुडावर पेनानं दोन खुणा केल्या होत्या. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला, की धाकट्याला पुन्हा थंडी वाजतेय. त्या बोलायला बाहेर गेल्या. थेंब टाकून झालेत असं समजून मामांनी ती प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवून दिली. त्या प्लेटवर ना औषध पडलं होतं ना पाणी.

शुक्रवारी सकाळी तिच्यावरही दोन वर्तुळं होती. बरोबर खुणांवर.

ताई स्टुलावर बसल्या. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचं पीं पीं किती तरी वेळ चाललं होतं. इन्क्युबेटर नेहमीसारखा गुणगुणत होता. घाबरण्याच्या आधी मोजून घ्यायचं, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी पट्टी घेतली आणि वर्तुळं मोजली. दोन्ही एकवीस मिलिमीटर. एक्केचाळीस नंबरचं वर्तुळ एवढंच येतं.

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. ज्या रिकाम्या वर्तुळात काहीच वाढलं नव्हतं तिथून तारेच्या टोकानं काहीच न दिसणारं उचललं आणि नव्या प्लेटवर ओढलं. तसंच बुधवारच्या प्लेटवरच्या औषधाच्या वर्तुळातूनही उचललं. आणि एक तिसरी प्लेट नुसत्या जंतूंची पसरली. तिच्यावर खूण केली नाही, थेंब टाकला नाही, मामांना काही सांगितलं नाही. फक्त मनात एक जागा धरली. घड्याळात चार वाजताना लहान काटा असतो तिथे, अगदी कडेला. थेंब टाकायचा असता तर इथे टाकला असता, एवढंच.

शनिवारी सकाळी चाराच्या जागेवर कडेला वर्तुळ होतं. एकच.

औषधाच्या वर्तुळातून उचललेलं काहीच उगवलं नव्हतं. तिथले जंतू खरोखर मेले होते. रिकाम्या वर्तुळातून उचललेले मात्र भरभरून उगवले होते, फिकट पिवळे, कड तुटलेले. तिथे ते सगळे होते. फक्त दिसत नव्हते.

"सोंग आणतोय," ताई म्हणाल्या. त्यांना भीती वाटायला हवी होती, पण राग आला. असा राग त्यांना आईच्या खाटेजवळ आला होता, आणि तेव्हा तो काढायला जागा नव्हती. "मी जिथे हात लावणार तिथे आधीच मेल्याचं सोंग घेऊन पडतोय. म्हणजे औषध कुठलं आणि पाणी कुठलं ते मला सांगता येऊ नये. मला बनवतोय, मामा! मला!"

मामा थट्टा करतील असं त्यांना वाटलं होतं. मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"ताई, खालच्या फळीवरचं ते किती वर्षं पाळलंय तुम्ही?"

"पाळलं नाहीये. मारतेय."

"तेच ते. रोज ना? अकरा वर्षं त्यानं दुसरं काय पाहिलं? तुमचा हात." त्यांनी पिपेट स्वतःकडे ओढलं. "आज तुम्ही इथे थांबूच नका. इमारतीतसुद्धा नको. सगळं मी करतो. थेंब कुठे टाकला तेही सांगणार नाही."

ताई गेल्या. आणि घालवून दिलेलं माणूस जिथे जातं तिथेच गेल्या, आपल्या माणसाकडे.

धाकट्याची खाट खिडकीजवळ होती. चेहरा सुकला होता, डोळे तापानं चमकत होते, तरी ताई दिसल्याबरोबर त्यानं उसनं अवसान आणलं. "एक पाय गेला ना ताई, तर मी तलावात नुसता गोल गोल फिरत राहीन. पोरं जाम हसतील."

"गप्प बस. दोन्ही पायांनी घरी जाशील."

"तू म्हणतेस म्हणजे जायलाच लागेल. तू लहानपणीही अशीच दमदाटी करायचीस."

नडगी तांब्याच्या रंगाची झाली होती, ताणून चकाकत होती. ताईंनी विचार न करता, अंगवळणी पडलेल्या मायेनं, तिच्यावर तळवा ठेवला. ऊब हाताला लागली. धाकट्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "बरं वाटतंय गं." थोड्या वेळानं त्यांनी हात उचलला.

हाताखालची लाली गेली होती. तळवा आणि पाच बोटं, जशीच्या तशी, निरोगी कातडीच्या रंगाची.

लाल कातडी दाबली की क्षणभर पांढरी पडते हे त्यांना माहीत होतं. दोन-तीन सेकंदांत रंग परत येतो. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट गेलं. पाच गेली. रंग परत आला नाही.

ताईंनी हात पदराआड घेतला. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आता काही दिवस मी येणार नाही."

"का? घाबरलीस?"

"मी? मी कोणाच्या बापाला घाबरत नाही. पण येणार नाही. आणि रागावलास तर बरा झाल्यावर रागाव."

रविवारी मामांच्या प्लेटवर औषधाखाली वर्तुळ होतं आणि पाण्याखाली सायीसारखा दाट थर. सोमवारी तसंच. मंगळवारी तसंच. तीनही दिवस ताई समोरच्या रस्त्यावरच्या बाकावर बसून होत्या आणि मामा खिडकीतून मान हलवून त्यांना निकाल सांगत होते. कागदांवर मामांची सही पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरंच झालं. सख्ख्या बहिणीची सही समितीनं चालवून घेतली नसती." बुधवारी दुपारी एक्केचाळीस नंबर धाकट्याच्या शिरेत गेलं. गुरुवारची शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. लाली मांडीवरून खाली सरकली, गुडघ्याखाली गेली, फिकी पडली. ताईंना हे सगळं फोनवरच कळत होतं. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा आवाज आनंदी होता आणि काळजीतही.

"पाय सुरेख दिसतोय. पण औषध मूत्रपिंडांना जड जातंय त्याच्या. उद्यापासून थांबवते."

"चौदा दिवस ठरले होते."

"हो, पण गरज नसताना कशाला? खरं सांगू, नडगीवर एक जागा तर पहिल्या डोसच्या आधीपासूनच बरी होती. हाताच्या पंजासारखी. फार गंमतशीर."

"तिथून नमुना घ्या."

"तिथून? अहो, अख्ख्या पायावरची सगळ्यात चांगली कातडी आहे ती."

"म्हणूनच."

"ताई, चांगल्या कातडीत सुई खुपसायला कारण लागतं मला."

कारण सांगितलं असतं तर फोन पलीकडून बंद झाला असता. ताईंनी खालच्या आवाजात सांगितलं, "तुम्ही माझ्या आईलाही बघत होतात. आठव्या दिवशी म्हणाला होतात, पाय सुरेख दिसतोय. नवव्या दिवशी ती गेली. मी तुम्हाला तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही. एक सुई. मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही. मामांना पाठवते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "पाठवा."

मंगळवारी सकाळी मामांनी प्लेट आणली तेव्हा ती त्यांनी ताईंपासून हातभर लांब धरली होती. एवढ्याशा नमुन्यातून काठोकाठ उगवलं होतं. फिकट पिवळं, कड तुटलेलं. सगळ्या पायातून पळालेला मेल्या ताईंच्या पंजाच्या ठशात जाऊन बसला होता, बरा झाल्याचं सोंग घेऊन.

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. डोस थोडा कमी केला, सलाइन वाढवलं आणि चौदा दिवस पुरे करायचं ठरवलं.

त्याच दुपारी ताईंनी खालची फळी रिकामी केली. मेल्याच्या बावीस प्लेटा होत्या, प्रत्येकीवर दाट पिवळा थर. त्यांनी एकेक उचलून ऑटोक्लेव्हच्या जाळीत रचली. शेवटची ठेवली आणि पहिलीकडे नजर गेली.

ती कोरी होती.

दुसरी कोरी होती. तिसरीही. बावीसच्या बावीस, आरपार स्वच्छ. बुडावरचं ताईंचं अक्षर त्यांतून वाचता येत होतं.

"ताई," मामा मागून हळूच म्हणाले, "आत्ता तर..."

"पाहिलं मी."

यंत्र अजून गारच होतं. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, मेले जंतू, वाचली वीज. ताईंनी जाळीवर वाकून पाहिलं. अकरा वर्षं रोज त्यांनी याला शिव्या घातल्या होत्या, आणि आता घशाशी हुंदका आला तो त्यांनी गिळला नाही.

"माझी आई खरीखुरी मेली रे," त्या म्हणाल्या. "ते सोंग नव्हतं. आता तूही खरा मर."

त्यांनी झाकण आवळलं आणि बटण दाबलं.

वाफ चढली. काटा लाल रेघेवर जाऊन थांबला. ताईंनी एकदा नाही, लागोपाठ तीनदा तो भपारा दिला, आणि प्रत्येक वेळी स्वतः समोर उभ्या राहिल्या.

चौदा दिवस पुरे झाले. पंजाच्या जागेतून तीनदा नमुना घेतला, तीनही वेळा मामांनीच पसरला. काही उगवलं नाही. मामांनी तारेनं उचलून नव्या प्लेटवर ओढलं, तरी उगवलं नाही. धाकटा गुरुवारी दोन्ही पायांनी घरी आला, काठी टेकत, पण दोन्ही पायांनी. ताईंनी दारातूनच त्याला डोळे भरून पाहिलं, हात मागे बांधून.

"जवळ तरी ये," तो म्हणाला.

"येईन. घाई काय आहे?"

त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढ्याबिढ्याशिवायच आनंद झाला. गडबडीत मामांच्या हातून काचेचं चंचुपात्र फुटलं आणि उजव्या हाताची तर्जनी कापली. रक्त पाहून ताई सगळं विसरल्या. त्यांनी मामांचा हात ओढून घेतला, नळाखाली धरला, बोट पुसलं आणि चिकटपट्टी लावली. "एवढं काय त्यात," मामा म्हणत राहिले.

मग महिन्याचा पहिला सोमवार आला. सगळ्यांनी हात न धुता बोटं टेकवली. मामांनी पट्टी काढली होती. बोट चांगलं भरलं होतं.

मंगळवारी सकाळी मामा नोंदवही घेऊन बसले आणि प्लेटा एकेक उघडू लागले. विद्यार्थ्यांच्या झाल्या. मग ताईंची आली.

पाच बोटं टेकवल्याचे पाच उथळ खळगे प्लेटमधल्या जेलीसारख्या अगारवर दिसत होते. त्यांत काही म्हणजे काही नव्हतं. एक ठिपका नाही.

माणसाच्या न धुतलेल्या हातावर काही ना काही असतंच. जन्मल्या दिवसापासून मरेपर्यंत असतं. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मामांनी नुसतं सवयीनं पेन टेकवलं. रिकाम्या प्लेटसमोर तीस वर्षं ते एकच लिहीत आले होते: वाढ नाही.

"थांबा," ताई म्हणाल्या.

त्यांनी पेन स्वतःच्या हातात घेतलं. आपल्या नावासमोर त्यांनी मोठ्या, ठळक अक्षरात लिहिलं: जिवंत.

"माझ्याकडे आलाय तर," त्या म्हणाल्या. "बरंच झालं. धाकट्याला सोडलं ना? मग माझ्याशी गाठ आहे. एक्केचाळीस नंबर काढा, मामा. नमुना तुम्ही घ्यायचा, थेंब तुम्ही टाकायचे. तुमचा हात तो ओळखत नाही."

मामांनी ढिगातली शेवटची प्लेट, स्वतःची, उघडली होती. अंगठ्याखाली दाट पीक होतं. मधल्या बोटाखाली होतं, अनामिकेखाली होतं, करंगळीखाली होतं. तर्जनीचा खळगा काचेसारखा स्वच्छ होता.

त्यांनी झाकण बाजूला ठेवलं, प्लेट उलटी केली आणि बुडावरचं नाव वाचलं. नाव त्यांचंच होतं.

ती प्लेट त्यांनी ताईंच्या प्लेटशेजारी ठेवली आणि पेनासाठी हात पुढे केला.